चाळीस म्हणजे पन्नास

डॉक्टरांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितली होती. नवव्या दिवशी सकाळी मापारी अंघोळ करून, भांग पाडून, स्वयंपाकघराच्या दारात डबा मागायला उभे राहिले.

"अजून सहा दिवस आहेत," बायको मान वर न करता म्हणाली.

"डॉक्टरांचे पंधरा म्हणजे आपले आठ. प्रत्येक जण थोडा हातचा राखून बोलतो गं. आठ झाले, वर एक दिवस दिलासुद्धा."

"आणि त्यांनी खरेच पंधरा सांगितले असले तर?"

"खरे पंधरा असते तर एकवीस सांगितले असते."

बायकोने कपाळाला हात लावला. "बसा. दहा मिनिटांत डबा देते."

मापारी पंचवीस मिनिटांच्या हिशोबाने वर्तमानपत्र उघडून बसले. डबा चोविसाव्या मिनिटाला आला. आजारपणाने आपली नजर अधू झालेली नाही, याचं त्यांना मनापासून समाधान वाटलं.

मापारी हे काही त्यांचं आडनाव नव्हे. रुग्णालयाच्या लोखंडी खाटा बनवणाऱ्या एका कारखान्यात ते नियोजनाचं काम पाहत. पुढच्या इतक्या दिवसांत किती माणसं, किती यंत्रं आणि किती ट्रक हाताशी असतील, आणि त्यातून किती खाटा गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचतील, हे आधी मोजून सांगायचं. धान्य मापणारा जसा मापाच्या तोंडावरून हात फिरवून वरचा ढीग सारखा करतो, तसे हे माणसांच्या बोलण्यावरून हात फिरवत. म्हणून सगळे त्यांना मापारी म्हणत, आणि तोंडावर मापारीभाऊ.

कारखान्यात खरा आकडा कोणी सांगत नसे, आणि त्यात कुणाचं पाप नव्हतं. वेल्डिंगचे दादा दिवसाला चाळीस सांगाडे जोडत, पण सांगताना तीस सांगत. एखादा गडी आला नाही, एखादं यंत्र रुसलं, तर तोंडघशी पडायला नको. रंगविभागाच्या ताईंचंही तसंच. त्यांच्या रंग पक्का करायच्या भट्टीतून दिवसाला चाळीस खाटा भाजून निघत, पण ताईंच्या तोंडून तिसाच्या वर आकडा कधी निघाला नाही. ट्रकवाल्या काकांचं मात्र उलटं. एका ट्रकात चाळीस खाटा मावत असताना ते छातीवर हात ठेवून पन्नास सांगत. मापारी दादांच्या आकड्यात दहा मिळवत, ताईंच्या आकड्यात दहा मिळवत, काकांच्या आकड्यातून दहा काढून घेत, आणि सगळं बेतशीर जुळून येई. वीस वर्षं हे चाललं होतं. कुणी कुणाला फसवत नव्हतं, कारण कुणी कुणावर विश्वास ठेवत नव्हतं. आणि तरीही एकमेकांवाचून त्यांचं पान हलत नव्हतं. देवाच्या दारी अशा प्रेमाला काय नाव आहे कोण जाणे.

तर मापारी टेबलाशी चक्कर येऊन पडले, ही बातमी त्या आठ दिवसांत सगळ्या विभागांतून फिरली होती. प्रत्येकाला आपापल्या मनात अपराधी वाटलं. दादा घरी म्हणाले, "आपण वाकडे आकडे सांगायचे आणि त्या बिचाऱ्याने बसून सरळ करायचे. डोकं फिरेल नाही तर काय?" ताईंना रात्रभर चुटपुट लागली. काकांनी तर देवापुढे हात जोडून कबुली दिली. आणि तिघांनी, एकमेकांना न सांगता, एकच निश्चय केला : या वेळी भाऊंना खरं सांगायचं.

मापारी कामावर आले त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या मेट्रनबाईंचा फोन आला. जुनी इमारत रिकामी करायची होती. सगळे रुग्ण दोन आठवड्यांनी, शनिवारी, नव्या इमारतीत हलवायचे.

"सहाशे खाटा," मेट्रनबाई म्हणाल्या. "शनिवारी दुपारच्या आत. देता का? नाही जमत तर आत्ता सांगा. त्या दिवशी खाट नसली तर माझा माणूस जमिनीवर झोपेल, एवढं लक्षात ठेवा."

"विचारून सांगतो," मापारी म्हणाले आणि दादांकडे गेले.

"दादा, बारा दिवस आहेत. दिवसाला किती?"

"चाळीस. देवाशपथ खरं सांगतो, भाऊ."

देवाशपथ दादा दरवेळीच म्हणत, त्यामुळे तिकडे मापारींचं लक्ष गेलं नाही. तिसाचे चाळीस झाले, हे मात्र त्यांच्या कानाने टिपलं. पण कोपऱ्यात सांगाडे धरायचा नवा साचा आलेला त्यांना दिसला. 'साच्याने काम वाढलं असणार. दादा चाळीस म्हणतात, म्हणजे पन्नास.' साचा खोक्यातून अजून बाहेरही काढलेला नव्हता, पण ज्याला समोरच्याचं खरं वाटून घ्यायचंच नाही, त्याला कारणांचा तोटा पडत नाही.

ताई म्हणाल्या, "चाळीस, भाऊ. अगदी मनापासून सांगते."

मापारींनी लिहिले पन्नास.

काका म्हणाले, "एका ट्रकात चाळीस. त्याच्यावर एक नाही."

मापारी आश्चर्याने त्यांच्याकडे पाहतच राहिले. फुशारकी मारणारा माणूस एवढा खाली उतरलाय, म्हणजे परिस्थिती खरंच बिकट असणार. त्यांनी लिहिले तीस.

बारा दिवस, रोज पन्नास, एकूण सहाशे. ट्रक वीस. आकडा इतका चोख बसला की मापारींना गहिवरून आलं. त्यांनी मेट्रनबाईंना फोन लावला आणि नोकरीच्या वीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं : "बाई, शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तक्ता लागला. दादांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"भाऊ, इथं पन्नास लिहिलंय."

"हो."

"मी चाळीस सांगितले होते."

"सांगितले होते ना."

"मग?"

"मग काय, दादा? मी काय आज ओळखतो तुम्हाला? जमतील." आणि मापारींनी त्यांच्या पाठीवर मायेने थाप मारली.

दादांची अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी झाली. 'मी या वेळी खरं सांगितलं होतं' असं म्हणावं, तर त्याआधीच्या वीस वर्षांचं काय, हा प्रश्न समोर उभा. ते गुपचूप मागे फिरले. तासाभराने ताईही फळ्यासमोर उभ्या राहिल्या, ओठ चावत राहिल्या आणि तशाच मागे फिरल्या.

खरं तर त्याच दिवशी दोघं एकमेकांशी बोलले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण दादांना वाटलं, ताईंना पन्नास जमतायत, कमी पडतोय तो आपणच. ताईंना वाटलं, दादांकडून पन्नास येतायत, अडून बसलीय ती आपली भट्टी. दादा चाळीस सांगाडे पुरते जोडत आणि दहा नुसते आकाराला आणून, पाय न लावताच, 'पन्नास' म्हणून पुढे ढकलत. ताई ते बिनपायाचे दहा पाहत आणि सुटकेचा निःश्वास टाकून भिंतीशी लावून ठेवत, कारण पन्नास भट्टीत घालायचे तर त्यांच्याकडेही जागा नव्हतीच. एकाची उणीव दुसरीच्या पोटात जाऊन बसली. कागदावर रोज पन्नासच पडत होते.

त्या पन्नासच्या नादात चाळीसही धड होईनात. रंगवलेल्या खाटा चाकांची वाट पाहत साठू लागल्या, कारण चाकं दुसऱ्या कारखान्यातून, शेवटच्या शुक्रवारी सकाळी यायची होती. खाटा आधी गोदामात उभ्या राहिल्या, मग व्हरांड्यात, मग जेवणाच्या खोलीत. मंडळी खाटांवर बसून डबे खाऊ लागली. जेवण झालं की आडवं व्हायचा मोह कुणालाच आवरेना, आणि त्यात आणखी दोन-चार खाटांचं काम बुडे. हिशोबाच्या खोलीत जायला खाटांखालून वाकून जावं लागे.

"काय रेलचेल आहे!" मापारी कौतुकाने म्हणत.

घरी बायकोने विचारलं, "काम ठीक चाललंय ना?"

"सगळे पन्नास-पन्नास देतायत. चाळीस म्हणाले होते. मी मनातलं ओळखतो माणसांच्या."

"ओळखता कसले? उत्तर आधी मनात ठेवून प्रश्न विचारता तुम्ही. समोरचा बोलतोय तोवर तुमचं लिहून झालेलं असतं."

मापारी हसले. बायको नेहमी थोडं जास्तच कडक बोलते, हे त्यांनी धरलेलंच होतं.

शुक्रवार उजाडला आणि काकांनी मागवलेले वीस ट्रक कारखान्याच्या गल्लीत शिरले. गल्लीत आठ ट्रक मावत. बाकीचे मागे चौकापर्यंत, आणि चौकातून वळून पलीकडच्या शाळेपर्यंत. विसाव्या ट्रकच्या मागे एक छोटा टेम्पो कर्कश भोंगा वाजवत उभा होता. त्यात चाकं होती.

चाकं आत येईपर्यंत खाटा बाहेर जाणार नाहीत. खाटा बाहेर जाईपर्यंत ट्रक हलणार नाहीत. आणि ट्रक हलेपर्यंत चाकं आत येणार नाहीत. मापारींनी हे तीनदा मनात फिरवून पाहिलं, पण त्यात कुठूनही वाट निघेना.

"काका! वीस ट्रक एकदम कशाला?"

"तुम्हीच वीस लिहिले, भाऊ. मला तर बारा-पंधरात काम भागेल असं वाटत होतं."

"सहाशे खाटा, एका ट्रकात तीस..."

"तीस? मी चाळीस म्हटलं होतं!"

"तुम्ही पन्नास म्हणता तेव्हा चाळीस असतात. चाळीस म्हणालात म्हणजे तीस!"

काका उघड्या तोंडाने उभे राहिले. मापारी तसेच गोदामात गेले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी कागद बाजूला ठेवून, बोट लावून खाटा मोजल्या. चारशे साठ. भिंतीशी बिनपायाच्या सांगाड्यांची रांग उभी होती.

"दादा! ताई! हे काय? पन्नास का झाले नाहीत?"

दादांचा बांध फुटला. "का म्हणजे? चाळीस होतात म्हणून चाळीस सांगितले होते!"

"पण तुम्ही तीस सांगून चाळीस करता! वीस वर्षं!"

"या वेळी खरं सांगितलं!"

"का?"

दादांनी मान खाली घातली. "तुम्ही आजारी होता. म्हटलं, तुमच्या डोक्याला ताप नको."

"मीही म्हणूनच," ताई हळूच म्हणाल्या. "खरं सांगितलं."

"मीपण," काका म्हणाले.

मापारी जवळच्या खाटेवर बसले. "अहो, मग खरं सांगतोय असं मला सांगायचं तरी!"

"सांगितलं की! देवाशपथ म्हटलं!"

"ते तुम्ही दरवेळी म्हणता!"

वीस वर्षं ज्यांना एकमेकांचं खोटं बिनचूक कळत होतं, त्यांना एकमेकांचं खरं ओळखता आलं नव्हतं. आणि तेही अशा वेळी, की जेव्हा प्रत्येकाने ते प्रेमापोटी सांगितलं होतं.

"एकशे चाळीस कमी," मापारी पुटपुटले. "उद्या एकशे चाळीस माणसं जमिनीवर झोपणार. माझ्या शब्दावर."

"कमी आहेत त्यांचं नंतर बघू," ताईंनी पदर खोचला. "आहेत त्यांना तरी चाकं लावूया. टेम्पो आत येत नाही ना? मग चाकं येतील."

आणि चाकं आली. शाळेपासून कारखान्यापर्यंत माणसांची साखळी लागली. खोकी या हातातून त्या हातात. सुरुवातीला कारखान्याचीच माणसं होती, पण अंतर लांब आणि हात तोकडे. मग एक चालक खाली उतरला, मग दुसरा, मग वीसही. रिकाम्या ट्रकांसोबत आलेले हे चाळीस हात कुठल्याच तक्त्यात धरलेले नव्हते. खोकी आत आल्यावर ते परत फिरेनात. हातात पाने घेऊन चाकं बसवायला बसले. कुणी गुणगुणत होता, कुणी दादांची थट्टा करत होता, "काय दादा, चाळीस की पन्नास?" संध्याकाळपर्यंत चारशे साठ खाटा आपापल्या पायांवर, नव्हे चाकांवर, उभ्या राहिल्या.

"बारा ट्रक पुरतील. आठ परत पाठवतो," काका म्हणाले.

"परत?" एक चालक उसळला. "चाकं आम्ही वाहिली. खाटा पोहोचल्याचं पाहिल्याशिवाय कोण परत जातो?"

विसांपैकी एकही ऐकेना. शेवटी प्रत्येक ट्रकात तेवीस-तेवीस खाटा चढल्या, आणि शनिवारी सकाळी अर्धे रिकामे वीस ट्रक रांगेने निघाले. पुढच्या ट्रकात मापारी बसले होते. मेट्रनबाईंना त्यांनी फोन केला नव्हता. शब्द फोनवर दिला होता, पण मोडायचा तर तो समोर उभं राहून मोडायला हवा, असं त्यांना वाटत होतं. वाटभर ते वाक्यं जुळवत होते.

नव्या इमारतीच्या पायऱ्यांवर मेट्रनबाई उभ्या होत्या. जुन्या इमारतीतून रुग्ण यायला सुरुवात झाली होती. फाटकातून एकामागून एक वीस ट्रक आत येताना पाहून त्यांचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा पाहून मापारींची सगळी जुळवलेली वाक्यं सांडली.

"बाई, माफ करा. मी शब्द दिला होता. सहाशे झाल्या नाहीत. चारशे साठच आहेत."

मेट्रनबाई मटकन पायरीवर बसल्या.

"चारशे साठ!"

"मला ठाऊक आहे, तुमची माणसं..."

"अहो, माझ्याकडे जागा चारशेची आहे! रुग्ण चारशे आहेत. या वरच्या साठ मी ठेवू कुठे, डोक्यावर?"

मापारींना क्षणभर काही कळेना. "पण तुम्ही सहाशे मागितल्या होत्या."

"तुमच्याकडे सहाशे मागितल्या की चारशेच कबूल होतात, म्हणून या वेळी शब्द दिलात तरी मी चारशेच धरल्या. बारा वर्षांचा अनुभव आहे माझा. हे ट्रक दिसले तेव्हा वाटलं, सहाशेच्या सहाशे आणल्या की काय."

"मला खरा आकडा सांगितला असता तर..."

"तर तुम्ही तो खरा धरला असता?"

बायकोचंच बोलणं दुसऱ्या गळ्यातून ऐकावं तसं मापारींना झालं.

चारशे खाटा आत गेल्या. एकही रुग्ण जमिनीवर राहिला नाही. साठ खाटा चालकांनी पुढच्या लांबलचक व्हरांड्यात सावलीला लावून ठेवल्या, आणि त्यांचं काय करायचं यावर काका, मेट्रनबाई आणि मापारी पायरीवर बसून बोलू लागले. परत न्यायच्या तर कारखान्यात जागा नाही. ठेवायच्या तर इथे नाही. बोलणं बराच वेळ चाललं.

व्हरांड्याच्या भिंतीशी रुग्णांबरोबर आलेली माणसं गाठोडी घेऊन बसली होती. कुणाचा मुलगा आत होता, कुणाचा नवरा. मध्येच मापारींची नजर तिकडे गेली. एक म्हातारी भिंतीला धरून उठली होती. तिने एका खाटेवरून हात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, ही कुणाची?"

मेट्रनबाईंनी मापारींकडे पाहिलं. मापारींनी मेट्रनबाईंकडे.

"तुमचीच, आजी," मापारी म्हणाले. "पडा जरा."

"कधीपासून पाठ टेकली नाही रे," म्हातारी म्हणाली, आणि आडवी होताच तिला झोप लागली. मग शेजारचा उठला, मग त्याच्या पलीकडची. अर्ध्या तासात साठही खाटा भरल्या. कुणी पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

"ही माणसं रोजच असतात," मेट्रनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "जुन्या इमारतीतही असायची. जिन्यात, दारात. मी खाटा मागताना कधी यांना धरलंच नाही." मग त्या उठल्या आणि भिंतीशी अजून बसलेल्यांच्या रांगेतून चालत गेल्या. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत, ओठांत मोजत. परत येऊन म्हणाल्या, "तेवीस. आणखी तेवीस लागतील."

'तेवीस म्हणजे पंधरा' असं मनात उमटायच्या आत मापारींनी स्वतःला आवरलं. हात लावून मोजलेली माणसं होती ती. त्यांनी तिथूनच दादांना फोन लावला.

"दादा, आणखी तेवीस खाटा लागतील."

"भाऊ, तेवीस म्हणजे किती?"

"तेवीस म्हणजे तेवीस, दादा. देवाशपथ."

"ते झालं हो. पण आम्ही किती धरायच्या?"

"अहो, खरं सांगतोय मी!"

"हां, हां, कळलं," दादा समजूतदारपणे म्हणाले. "तीस करतो."

मापारी ओरडून नको म्हणणार, एवढ्यात पायऱ्यांपाशी आणखी एक गाडी येऊन थांबली. मागचं दार उघडलं. आतून एक रुग्ण उतरवला गेला, आणि त्याच्यामागून गाठोडी सावरत त्याची माणसं उतरू लागली. उतरतच राहिली.

मापारींनी फोन तसाच कानाला धरून ठेवला. आणि ते उतरणारी माणसं मोजू लागले.